शिकाऱ्याची उबदार पेटी

आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, तिला मराठींत रूढ असें नांव नाहीं. आपल्याकडे शिकारी मचाणावर बसत, किंवा पाणवठ्याच्या कांठीं फांद्यांचा आडोसा करून त्याला लपण म्हणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो खेळ संपला. आतां बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून माणसें प्राणी मोजतात. आपली थंडी घोंगडीनें भागते, म्हणून मचाणाला भिंतींची गरज कधीं पडली नाहीं.

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यांत तसें नाहीं. बंदुकीनें हरिण मारण्याचा तेथील मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, आणि तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत सुरू होतो. उजाडण्यापूर्वीं जागेवर जावें आणि तासन् तास निश्चल बसावें, अशी ही शिकार. पारा अनेकदां गोठणबिंदूखालीं. चालणाऱ्याला अशी थंडी सोसते, बसणाऱ्याला सोसत नाहीं. बोटें बधिर झाली कीं नेम ढळतो, आणि ढळलेल्या नेमानें जनावर मरत नाहीं, जखमी होऊन झाडींत शिरतें. म्हणून पुष्कळ लोक आपल्या जमिनीवर स्वतःच्या हातांनीं एक लांकडी पेटी उभारतात. तिला निव्वळ चैन म्हणणें मला पटत नाहीं.

प्लायवुडचा तक्ता तिकडे ८ फूट लांब व ४ फूट रुंद मिळतो. त्यांतून ६ फूट लांब व ४ फूट रुंद तळ निघतो. तेवढ्यांत दोघे खुर्च्या टाकून बसतात. भिंतींचा सांगाडा चौकोनी दांड्यांचा. ह्या दांड्या दोन इंची म्हणून विकतात, पण रंधून झालेल्या असल्यामुळें भरतात दीड इंच. व्यापाऱ्यांची ही रीत येथें पथ्यावरच पडते. कारण थर्मोकोलच्या जातीचा, पण अधिक घट्ट असा जो दीड इंच जाडीचा फळा मिळतो, तो दांड्यांच्या मधल्या घरांत नेमका बसतो. भिंतींप्रमाणें छपरांत आणि तळांतही तो घालावा. तळ बहुतेकजण विसरतात, आणि मग गारठतात तीं पावलें. फळा आंतून उघडा मात्र ठेवूं नये. तो पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. वरून पातळ प्लायवुड ठोकावें. तळावर जुना गालिचा अंथरला कीं बुटांचा आवाज होत नाहीं.

खिडक्यांच्या बिजागऱ्या कुरकुरतां कामा नयेत. आंतून काळा रंग द्यावा, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडूं नयेत. नाहीं तर मागच्या उजेडावर माणसाची आकृति उठून दिसते.

येथवर सुतारकाम झालें. कठीण गोष्ट पुढेंच आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचें शरीर सुमारें १०० वॅट उष्णता देतें. दोघांची मिळून एक लहानशी शेगडीच झाली. ही ऊब राखण्यासाठीं मनुष्य प्रत्येक फट बुजवितो, आणि त्याच फटींतून श्वास बाहेर जावयाचा असतो! प्रथम कांचेवर वाफ धरते, आणि हरिण आलें तरी दिसत नाहीं. तेवढ्यावर भागलें तर बरें. परंतु त्यानें आंत गॅसची शेगडी पेटविली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड सांचूं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहूनही अधिक जोरानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि पहांटे उठलेल्या शिकाऱ्याला झोंपेचें नवल तें काय वाटणार?

म्हणून एक छिद्र तळाजवळ आणि दुसरें समोरच्या भिंतींत छपराखालीं, अशीं दोन छिद्रें हवींत, आणि वारा सुटला तरी तीं बोळे घालून बंद करूं नयेत. कांहीं शेगड्या प्राणवायु कमी होतांच आपोआप विझतात. पण त्या कार्बन मोनॉक्साइड मोजीत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. तो ओळखून घंटा देणारें लहान यंत्र स्वस्तांत मिळतें. तें बॅटरीवर चालतें, आणि कडाक्याच्या थंडींत बॅटरी लौकर मंदावते. यासाठीं तें हंगामभर पेटींत टांगून न ठेवतां रोज घरीं आणावें, आणि जातांना कोटाच्या आंतल्या खिशांतून न्यावें.