नको म्हणण्याची मुभा

आज प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

प्रार्थना झाली, गाणी झाली, शाली-नारळ झाले. आता भाषण तेवढं उरलंय. भाताला वाफ धरल्याचा वास मलाही येतोय, तेव्हा एकच गोष्ट सांगते. तुम्ही ज्या वाडीत कामाला जाल, त्या वाडीला तुम्हाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. तुमची योजना नको, शिकवणी नको, प्रार्थनासुद्धा नको. आणि तसं म्हटल्यावर तिथलं औषध, धान्य, पोरांच्या वह्या यांतलं काहीही बंद पडता कामा नये. एवढं जमत नसेल तर अहवालात ‘भागीदार समाज’ असं लिहू नका.

इथे पळसदरीत हे सांगायला कारण आहे. घाटाच्या या पायथ्याला बाहेरची माणसं नवी नाहीत. 1863 साली बोरघाटातून रेल्वे वर गेली, ती बांधताना हजारो मजूर मेले. आता फार्महाऊसवाले आलेत, पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यावर येणारी मंडळी तर विचारूच नका. प्रत्येकाला इथलं काही ना काही हवं असतं. कुणाला प्लॉट, कुणाला मजूर, कुणाला फोटो. यातून कातकरी माणूस एक शिकलाय. समोरचा जे म्हणेल त्याला ‘हां’ म्हणायचं. फॉरेस्टवाल्याला हां, शेठला हां, पुढाऱ्याला हां. आपण गेलो की आपल्यालाही हां. आपण तो वहीत ‘उत्तम प्रतिसाद’ म्हणून उतरवतो!

त्या माणसाला नाही म्हणणं परवडतच नाही. कर्जत-खालापुरातल्या कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत; घर आपलं, घराखालची माती परक्याची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की वीटभट्टीची उचल घ्यायची आणि दिवाळी उरकली की ती फेडायला बिऱ्हाडासकट भट्टीवर जायचं. एकदा डिसेंबरात मी अशा एका वाडीत गेले होते, बाळांची वजनं घ्यायला. दारांना कुलपं नव्हती, कूड सारून त्यावर काटेरी फांद्या लावलेल्या. दोन म्हाताऱ्या, चार कोंबड्या आणि भिंतीवर एका संस्थेने रंगवलेली घोषणा. वजनाच्या या कार्यक्रमाची तारीख ठरवताना त्या संस्थेने वाडीला विचारलं असतं, तर कळलं असतं की डिसेंबरात इथे वजन करायला बाळच नसतं.

कर्जत तालुक्यात, काशेळ्याला, अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने धान्य बँकांचं काम केलं. पावसाळ्यात धान्य घ्यायचं, सुगीनंतर थोडं वाढवून परत भरायचं. त्यात कुणी कुणाला उपदेश केला नाही. पण घरात दाणा असला की शेठपुढे उचलीसाठी हात पसरण्याआधी माणूस विचार करतो. नको म्हणायची ताकद अशी पोटातून येते.

माझ्या नगर जिल्ह्यातलं जामखेड तुम्ही अभ्यासात वाचलं असेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, 1970 साली त्या दुष्काळी मुलखात आले. प्रशिक्षित नर्सेस गावात ठेवायच्या, ही त्यांची आधीची योजना. कागदावर अगदी बरोबर. पण परगावची, शिकलेली, एकटी राहणारी मुलगी. गावाला तिचा भरवसा वाटेना, तिलाही तिथे करमेना. गाव तोंडाने काही बोललं नाही, नुसतं तिच्याकडे गेलं नाही. आरोळ्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. न बोललेलं ‘नको’ त्यांना ऐकू आलं. आमच्यातलीच एखादी बाई शिकवा, ही सूचना गावाकडूनच आली आणि त्यांनी ती मानली. मग ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांतल्या कितीतरी दलित होत्या, अशा बाया बाळंतपण, बाळाचा आहार, क्षय, कुष्ठरोग शिकल्या. सुरुवातीला हजारी 176 असलेला बालमृत्युदर दोन दशकांत विसाच्या आसपास आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो भाग वेगळा.

आता अवघड प्रकरण. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे धर्मशिक्षण नाही असं ठरलेलं. पण बाई स्वतःची प्रार्थना दार लावून करत नसत, आणि मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या घरी हा वाद जेवताना अजून रंगतो. मला विचाराल तर श्रद्धा लपवायची नाही, हे बाईंचं खरं. पण जिला जायला दुसरं घर नाही अशा विधवा पोरीच्या होकाराचं वजन किती धरायचं, हा समोरच्यांचा प्रश्नही खरा. त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही. प्रश्न मात्र तुमच्या पिशवीत घालून देते.

इथून जवळच इर्शाळवाडी आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री ठाकरांची ती वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. अशा दिवशी माणूस कशालाही हो म्हणेल. म्हणून अशा दिवशी त्याला काही विचारायचंच नाही. पाणी द्या, ताडपत्री बांधा, मयतीला खांदा द्या. बॅनर नको, पत्रिका नको, घोंगडी देतानाचा फोटो तर नकोच. तुम्ही कोण हे त्याला नंतर कधी विचारावंसं वाटलं, तर मोकळेपणाने सांगा.

आणि नको म्हणण्याची ही मुभा तुम्हालाही हवी बरं का. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. पंचावन्नाव्या वर्षी, संसार असताना. सगळ्यांनी पगार सोडावा असं मी म्हणत नाही, घरचे हप्ते मला ठाऊक आहेत. पण वाडीने सांगितलेली अडचण कार्यालयात सांगायची वेळ आली की ज्याला नोकरीची धास्ती वाटते, तो वाडीचा भागीदार होऊ शकत नाही.

रुजू झालात की पहिल्या महिन्यात आलेला पैसा आणि झालेला खर्च वाडीत बसून वाचून दाखवा, तुमच्या मोटरसायकलच्या पेट्रोलसकट. पुढे बसलेल्या सरपंचांना नव्हे, मागे उभ्या असलेल्या बायांना. पहिल्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादी म्हणेल, एवढं पेट्रोल कशाला? त्या दिवशी चिडू नका, हिशेब द्या.

आणि एखाद्या वाडीने खरंच परत पाठवलं, तर सरळ कर्जतची गाडी धरून इथे या आणि ‘वाडी नको म्हणाली’ असं लिहून द्या. ते वाक्य वार्षिक अहवालात जसंच्या तसं छापलं जाईल, एवढा शब्द मी प्राचार्यांकडून सगळ्यांसमोर मागते. सर, मान हलवून चालणार नाही, माईकवर सांगा.