पडदा उभा, मान सरळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई संगणकावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा सांगताना मलाही आले होते. परंतु मला सांगावयाचे आहे ते मी कोणत्या वर्गात शिकले नाही, शेजारच्या वहिनींच्या खोलीत बसून शिकले. संगणकाचा आडवा पडदा उभा करता येतो, आणि तो का करावा, एवढाच माझा विषय आहे.

वहिनी घरबसल्या मराठी टंकलेखन करतात. कल्याण-उल्हासनगरच्या वकिलांचे कागद त्यांच्याकडे येतात. संध्याकाळचा कुकर उतरवला की मी तिकडे जाते. मी हाताने लिहिलेला मूळ कागद मोठ्याने वाचते आणि वहिनी पडद्यावर ताळा पाहतात.

गेल्या पावसाळ्यात एक वाटणीपत्र आले होते. वर वाटेकऱ्यांची नावे होती, तीन भाऊ आणि एक बहीण. खाली त्यांच्या सह्यांच्या जागा. पडद्यावर पान अर्धेच दिसे. खालचे पाहावे तर वरचे निघून जाई, वरचे आणावे तर खालचे दडे. दोन वेळा वाचून आम्ही ‘बरोबर आहे’ म्हणालो. त्याच संध्याकाळी वहिनींच्या भाच्याने गंमत म्हणून पडदा उभा करून दाखवला. सबंध पान एकदम समोर आले. वहिनींनी एक बोट वरच्या नावांवर ठेवले, दुसरे खालच्या सह्यांवर, आणि म्हणाल्या, “अहो ताई, बहीण कुठे गेली?”

खाली सह्यांच्या जागा तीनच होत्या. पान खालीवर करताना चौथी ओळ टंकायची राहून गेली होती. भगिनींनो, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ सालच्या कायद्याने दिला. त्या हक्काची ओळ आम्हा दोन बायकांच्याच नजरेतून निसटत होती! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक वेळेवर दिसली म्हणून बरे, नाहीतर कागद तसाच पुढे गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन गेले. वहिनींचा पडदा साडेएकवीस इंची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. रुंदी भरली पावणेएकोणीस इंच आणि उंची साडेदहा. नेहमीचा ए-फोर कागद पावणेबारा इंच उंच असतो, कोर्टाचा लीगल कागद चौदा इंच. साडेदहा इंचांत पावणेबारा इंच मावणार कसे? लहान करून मावते, पण मग आम्हा चाळिशीच्या बायकांना काना-मात्रा दिसत नाहीत. पडदा उभा केला की उंची पावणेएकोणीस होते. मग लीगल कागदसुद्धा खऱ्या मापात मावतो. पोलके बेतताना आपण कापड फिरवून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

आडवे-उभे हा भेद आपल्याला नवा नाही. श्रावणात आपण वाचतो ती पोथी आडवी असते. पूर्वी ग्रंथ ताडपत्रावर लिहीत. ताडाचे पान लांब आणि अरुंद, म्हणून पोथी आडवी झाली, आणि कागद आल्यावरही तोच आकार चालू राहिला. छापील पुस्तक मात्र उभे. आजचा पडदा आडवा आहे तो दूरदर्शन संच आणि सिनेमा यांच्या वळणावर गेला म्हणून. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला, त्याचा पडदा कागदासारखा उभाच होता. तेव्हा उभा पडदा म्हणजे काही खूळ नव्हे.

आता कृती सांगते. प्रथम पडद्याचे स्टँड फिरणारे आहे की नाही ते पाहावे. सगळ्यांचे नसते, आणि नसेल तर जोर करू नये. असेल तर तारा सैल सोडाव्यात, पडदा पुरता वर उचलावा, जरा मागे कलवावा आणि दोन्ही हातांनी हळू फिरवावा, म्हणजे कोपरा टेबलावर आपटत नाही. विंडोजचा संगणक असेल तर मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तेथे ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’ या ठिकाणी ‘लँडस्केप’ म्हणजे आडवे असते, ते ‘पोर्ट्रेट’ म्हणजे उभे करावे. अक्षरे उलटी आली तर ‘पोर्ट्रेट फ्लिप्ड’ घ्यावे. बदल ठेवायचा का, असे यंत्र विचारते. १५ सेकंदांत आपण होकार दिला नाही तर ते आपणहून पूर्ववत होते. म्हणून भिण्याचे कारण नाही.

हे आम्हाला आधी ठाऊक असते तर! दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या नातवाने कळफलकावर हात मारले आणि पडद्यावरचे सारे डोके खाली, पाय वर झाले. घाबरून यंत्र दुरुस्तीला दिले. ते दोन दिवसांनी परत आले आणि पाचशे रुपये गेले. पैशांपेक्षा दोन दिवसांचे काम बुडाले, ते वहिनींना अधिक लागले. काही यंत्रांवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ एकदम दाबली की पडदा फिरतो. तसे झाल्यास त्याच दोन कळांबरोबर वरचा बाण दाबावा. काम झाले! त्याने न फिरल्यास मघाशी सांगितलेल्या सेटिंग्जमध्ये ‘लँडस्केप’ करावे. तेव्हा माऊस उलटा चालतो, पण आरशात पाहून भांग पाडणाऱ्या आपल्याला ते अवघड नाही.

उभा पडदा सर्व कामांना चांगला असे मात्र नाही. सिनेमा पाहणे किंवा भिशीच्या हिशेबाचे पुष्कळ रकान्यांचे तक्ते यांना आडवाच हवा. काही स्वस्त पडदे उभे केले की एका बाजूने फिके दिसतात. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर मान वर करून करून दुखते. आणखी एक. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेत जुन्या सातबारा-फेरफारांची छायाचित्रे मिळतात. असे एखादेच पान आडवे आले तर पडदा फिरवू नये, त्या पानावरचे गोल बाणाचे चिन्ह दाबून पानच फिरवावे.

आजवर आम्ही पडद्यापुढे मान वाकडी करीत होतो आणि दोष आपल्या शिक्षणाला देत होतो. यंत्र आपल्यासाठी आहे, तेव्हा ते आपल्या कामाप्रमाणे फिरवून घ्यावे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी संध्याकाळी वहिनींकडे जरूर यावे. चहा मी करीन.