हवामान, रसशोषक किडी आणि कापसाचे अर्थकारण

(जबलपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



जबलपूर शहराच्या परिसरात कापूस फारसा दिसत नाही. परंतु जबलपूर महसूल विभागातील सौंसर व पांढुर्णा हे विदर्भालगतचे मराठीभाषक तालुके कापूस उत्पादक आहेत. 2023 मध्ये या तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हवामान हा उत्पादनखर्च ठरविणारा घटक आहे.

2002 मध्ये देशात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. बीटी वाणांतील प्रथिन बोंडअळ्यांसाठी घातक असते. रसशोषक किडींवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांचा प्रश्न कायम राहिला.

या किडींना मानवणारे हवामान भिन्न आहे. ढगाळ व दमट वातावरणात मावा आणि तुडतुडे वाढतात; जोरदार पावसाने मावा धुऊन जातो. पावसाचा दीर्घ खंड फुलकिड्यांना पोषक ठरतो. उष्ण व कोरड्या काळात पांढरी माशी फोफावते. 2015 मध्ये पंजाबात तिने कापसाचे प्रचंड नुकसान केले. मावा व पांढरी माशी यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, रुई चिकट होते आणि बाजारभाव घसरतो. नत्रखताच्या अतिवापराने पीक लुसलुशीत होऊन किडींना अधिकच वाव मिळतो.

येथे ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संकल्पना महत्त्वाची ठरते. किडीमुळे होणारे संभाव्य नुकसान नियंत्रणाच्या खर्चाएवढे होण्यापूर्वीच उपाय योजावा, हे तिचे सूत्र. तुडतुड्यांसाठी ही मर्यादा साधारणतः प्रतिपान दोन ते तीन पिल्ले इतकी मानली जाते. त्याखालील फवारणी हा निव्वळ वाढीव खर्च होय. शिवाय तीत ढालकिडा व क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मरतात आणि किडीच पुन्हा बळावतात.

अविचारी फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

म्हणूनच हवामानाचा अंदाज, आठवड्यातून एकदा पिकाचे निरीक्षण आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला यांची सांगड घालणे आवश्यक आहे. वेळेवर मिळालेली अचूक माहिती हीसुद्धा बियाणे व खतांइतकीच महत्त्वाची कृषी निविष्ठा आहे. ती बांधापर्यंत पोहोचविणे हे कृषिविस्तार सेवेचे खरे कार्य होय.