साबणाचा रंग आणि वेष्टनावरचा शब्द

(वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवर आमच्या बचत गटातील भगिनी साबण करतात, आणि आपल्यापैकी बरेच जण तो आवर्जून घेता. घेताना एक प्रश्न हमखास येतो : “साबण चांगला आहे, पण रंग असा मळकट का? दुकानातल्यासारखा गुलाबी का करत नाही?” आज त्याचेच उत्तर देते.

साबण होतो तेल आणि कॉस्टिक सोड्याचे पाणी यांपासून. आम्ही खोबरेल तेलात मोहाच्या बियांचे तेल मिसळतो. सोड्यामुळे हे मिश्रण फार तीव्र असते आणि फुलाफळांचे बहुतेक रंग त्यात टिकत नाहीत. बिटाचा लालभडक रस घाला, वडी तपकिरी होते. जास्वंदीचेही तेच. हळद आधी लालसर होते, मग केशरी-पिवळी दिसते आणि उजेडात हळूहळू उडते. कडुनिंबाच्या पाल्याची पूडही काही आठवड्यांत मातकट होते.

टिकणारे रंग थोडे. कोळशाच्या बारीक पुडीचा काळा टिकतो. शेंद्रीच्या बिया कोमट तेलात मुरवून तेल गाळले की पिवळा-केशरी मिळतो. लाल मातीचा विटकरी रंगही उडत नाही. अर्धा किलो तेलाला चहाचा एक चमचा पूड पुरते. जास्त झाली तर फेसाला रंग येतो आणि टॉवेलला डाग पडतात.

मागे एका व्यापाऱ्याने मोठी मागणी दिली. अट एवढीच, की वड्या गडद गुलाबी आणि पोपटी हव्यात आणि वर ‘नैसर्गिक’ असे छापावे. रांगोळीचा किंवा कपड्याचा रंग बाजारात स्वस्त मिळतो. पण तो अंगाला लावण्यासाठी नसतो. त्यात काय मिसळले आहे, ते कळत नाही. पावसाळा तोंडावर होता, घरातले धान्य संपत आले होते. त्या पैशांची गरज खरी होती. भगिनी एकत्र बसल्या, प्रार्थना केली. एक मावशी म्हणाल्या, “जे आपल्या लेकराच्या अंगाला लावणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला कसं द्यायचं?” मागणी परत गेली.

हाच नियम आम्ही स्वतःलाही लावतो. घरे रंगवायचा गेरू जमिनीतलाच असतो, पण जमिनीतले सगळेच निर्धोक नसते. मातीत शिसे किंवा आर्सेनिक असू शकते. म्हणून साबणात सौंदर्यप्रसाधनांसाठी तपासलेलीच माती घालतो. अशा रंगांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४७०७ हे मानक आहे.

खोट्या तागडीबद्दल नीतिसूत्रांचे पुस्तक आपल्याला सावध करते. आमच्या भगिनींची तागडी म्हणजे वेष्टनावरचा शब्द.

आपल्याला दोनच विनंत्या. वडी अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा, म्हणजे रंग जास्त दिवस राहील. आणि पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत मंडळीची मागणी आधी कळवा. वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि हाती पैसे त्याच दिवसांत हवे असतात. तुमची मागणी वेळेवर आली, तर पुन्हा असा व्यापारी दारात उभा राहिला तरी ‘नाही’ म्हणणे त्यांना सोपे जाईल.