कॅमडनचें गोल घर

लंडनच्या उत्तरेस कॅमडन भागांत, चॉक फार्म रस्त्यालगत, पिवळसर विटांची एक प्रचंड वर्तुळाकार इमारत उभी आहे. तिचें छप्पर शंकूसारखें निमुळतें आहे. इंग्रज लोक तिला राउंडहाउस म्हणतात. एके काळीं हा इंजिनांचा तबेला होता, असें सांगितल्यास आज तेथें गाणें ऐकावयास जमणाऱ्या तरुणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल.

घोड्यास तबेला लागतो, तसा इंजिनासहि लागतो. धांवून आलेल्या इंजिनाची राख काढावयाची, तपासणी करावयाची, रात्रीं त्यास आसरा द्यावयाचा. सरळ शेडमध्यें एकामागें एक इंजिनें उभीं केलीं, तर सर्वांत आंतलें काढण्यासाठीं पुढचीं सारीं हलवावीं लागतात. गोल घरांत ही अडचण राहत नाहीं. मध्यभागीं फिरती चकती, जिला टर्नटेबल म्हणतात, आणि तिच्याभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पसरलेले रूळ. इंजिन चकतीवर आलें, कीं ती फिरवावयाची आणि हव्या त्या रुळावर त्यास सोडावयाचें. धूर छपराच्या शेंड्यावरील झरोक्यांतून निघून जाई.

लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेनें ही वास्तु १८४७ सालीं उभारली. रॉबर्ट स्टीफन्सन आणि रॉबर्ट डॉकरे या एंजिनियरांचें हें काम. व्यास १६० फूट, छपरास आधार ओतीव लोखंडाच्या २४ खांबांचा, आणि सोय २३ इंजिनांची. हाच स्टीफन्सन पुढें आपल्या जी. आय. पी. रेल्वेचा लंडनमधील सल्लागार एंजिनियर झाला, आणि बोरघाटाचा मार्ग आंखणारे जेम्स बर्कले हे त्याच्याच हाताखालीं तयार झाले होते.

परंतु चकती अवघी ३६ फुटांची! इंजिनें वर्षागणिक लांब होत गेलीं, चकती तेवढीच राहिली. दहाएक वर्षांतच तें घर इंजिनांना अपुरें पडलें. पुढें गिल्बी नांवाच्या मद्यविक्रेत्यांनीं तें कोठार म्हणून घेतलें, आणि जवळजवळ शतकभर तेथें दारूचीं पिंपें राहिलीं. दारूबंदीच्या कैवाऱ्यांस हें रुचणार नाहीं. पण रिकामी वास्तु लवकर पडते, आणि ही पडली नाहीं याचें बरेंचसें श्रेय त्या पिंपांस आहे.

१९५४ सालीं सरकारनें तिची संरक्षित इमारतींत नोंद केली. १९६४ मध्यें नाटककार आर्नोल्ड वेस्कर यांच्या 'सेंटर ४२' या संस्थेकडे ती आली. कामकऱ्यांपर्यंत कला न्यावी, हा हेतु थोर होता; पैसा मात्र पुरेसा जमला नाहीं. तरी १९६६ पासून तेथें संगीताचे जलसे व नाटकें गाजूं लागलीं. १९८३ सालीं दारें बंद झालीं. संरक्षणाची नोंद भिंती राखते, दिवे लावीत नाहीं. अखेर १९९६ मध्यें टॉर्क्विल नॉर्मन या खेळण्यांच्या कारखानदारानें ती विकत घेतली, आणि दुरुस्तीनंतर २००६ सालीं ती पुन्हां उघडली.

तळघरांत आतां तरुणांसाठीं संगीताच्या व ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. तेथील विटांच्या कमानी मात्र, वरच्या रुळांच्या जागा दाखवीत, मध्यापासून आऱ्यांसारख्या पसरलेल्या आहेत.