दोन समुद्रांची वाट

आमच्या अमरावती जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. पूर्वेकडचं पाणी वर्धा नदीतून पुढे गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. पश्चिमेकडचं पूर्णेतून अकोल्याकडे, मग चांगदेवजवळ तापीत आणि अरबी समुद्रात. शाळेत हे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो एका माशामुळे.

भोई मंडळींच्या टोपलीत सापासारखी लांब वाम आपण पाहतो. ती गोड्या पाण्यातच जन्मते. दिसायला तिच्यासारखा असलेला अहिर मात्र वेगळा. तो नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. पिल्लं पुन्हा नदी चढून येतात.

अहिराचा युरोपातला भाऊबंद अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रातून येतो. त्याची काचेसारखी पिल्लं स्पेनमध्ये लसूण-मिरचीच्या तेलात परततात. इटलीत कोमाक्कियोच्या खाजणांत शरदात समुद्राकडे निघालेले अहिर सापळ्यांत धरतात. पण 1980 नंतर पिल्लांची आवक कोसळली. आज बहुतेक किनाऱ्यांवर ती 1960-79च्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. अतिमासेमारी, बुजवलेल्या पाणथळ जागा, प्रदूषण आणि धरणं, सगळ्यांचाच यात हात. पिल्लं इतकी महागली, की माशाच्या गराच्या नकली पिल्लांवर लोक हौस भागवू लागले.

2007 साली युरोपीय संघाने नियम केला: माणसाची आडकाठी नसती तर जितके प्रौढ अहिर समुद्रात गेले असते, त्याच्या निदान 40 टक्के तरी जाऊ द्यावेत. 2010च्या अखेरीस संघाबाहेरचा व्यापारही थांबवला.

आता आपल्याकडे पाहा. तापीवर हतनूर, उकाई, काकरापार. वर्धेवर अप्पर वर्धा. अमरावतीच्या नळाला अप्पर वर्धाचंच पाणी येतं, तेव्हा धरण नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण भिंत बांधताना माशाच्या वाटेचा विचार झाला का, एवढं तर विचारता येईल. जलाशयात रोहू-कटल्याचं बीज सोडून सोसायटीचा धंदा चालतो. अहिराचं तसं नाही. युरोपातही व्यापारी प्रमाणावर त्याची पैदास अजून जमलेली नाही. पाळायचा तरी पिल्लू समुद्रातूनच यावं लागतं.

म्हणून एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्या भोयाला विचारा, ‘बाबा, अहिर शेवटचा कधी पाहिला?’ आणि उत्तर वहीत लिहून ठेवा, साल आणि डोहाच्या नावासकट. युरोपला आपलं नुकसान कळलं, कारण तिथे कोणीतरी पिल्लं मोजत होतं. आपण तर मोजायलाही सुरुवात केलेली नाही.