स्पीकरची वायर आणि घरातला आवाज

पंडित नाथराव नेरळकरांचं गाणं घरी ऐकताना तबल्याचा डग्गा पोकळ वाटला, तर नवे स्पीकर शोधण्याआधी वायर तपासा. दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी जोडली गेली, की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचा आवाज एकमेकांतच विरतो. टोकं अदलाबदल करायला पैसाही लागत नाही.

मग जाडी. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर ओढली, तर जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो. अडीच चौरस मिलिमीटरला तोच ०.१४. आठ ओहमच्या स्पीकरला एवढं भरपूर झालं. त्यापुढच्या महागड्या वायरवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुलमंडी किंवा पैठण गेटच्या बाजारात वायर घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. जोडताना तारा घट्ट पिळा. एकही सुटी तार शेजारच्या टोकाला लागू देऊ नका, ॲम्प्लिफायर जळू शकतो. टोक काळं पडलं असेल, तर तेवढं कापून पुन्हा सोला.